एनएफएलच्या मालकांनो, देशभक्तीचं बिल आधी दाखवा

प्रति,
कमिशनर (लीगचे प्रमुख) रॉजर गुडेल आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या टीम्सचे सगळे मालक
(ग्रीन बे पॅकर्सला असा एकच मालक नाही, लाखो साध्या लोकांकडे शेअर्स आहेत, त्यामुळे तिकडून बोर्डाने वाचलं तरी चालेल.)

नमस्कार मंडळी,

पत्र मराठीत आहे. तुमच्या लीगची वर्षाची उलाढाल अब्जावधी डॉलरची आहे, एवढंसं भाषांतर करून घेणं जड जाणार नाही, आणि खरं सांगायचं तर हे तुमच्याइतकंच आमच्या सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी मंडळींसाठी पण आहे, कारण कॉलिन कॅपर्निकचा, म्हणजे २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी उभं न राहता गुडघा टेकणाऱ्या आमच्या फॉर्टीनाइनर्स टीमच्या क्वार्टरबॅकचा (पास फेकणारा मुख्य खेळाडू), विषय निघाला की आमच्याकडे पॉटलकला (प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला) अजूनही दोन गट पडतात आणि दोघांनाही गोष्ट अर्धीच माहिती असते.

आधी माझं सांगून टाकते म्हणजे नंतर गैरसमज नको. मी राष्ट्रगीताला उभी राहते, भारताच्या पण आणि इथल्या पण. सिटिझनशिपची शपथ घेतली तेव्हा घसा दाटून आला होता, नाटक नव्हतं ते. फॉर्टीनाइनर्सच्या लेव्हाइज स्टेडियमला मॅच बघायला जातो तेव्हा गाणं सुरू झालं की मी उभी असते, टोपी हातात असते, पोरगं चुळबुळ करायला लागलं तर त्याच्याकडे डोळे वटारते. आणि म्हणूनच लिहितेय, की ज्या गोष्टीला मी मनापासून उभी राहते त्या गोष्टीचं तुम्ही दुकान मांडलंत, गल्ला मोजलात, आणि मग एका खेळाडूने त्याच दोन मिनिटांत स्वतःचं काही म्हणायचं ठरवलं तर तोच देशद्रोही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात आमच्यात याला.

तर बिलाचं बोलू. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनाचे दोन सिनेटर जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक यांनी एक रिपोर्ट काढला. दोघंही रिपब्लिकन, आणि मॅकेन म्हणजे व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त युद्धकैदी राहिलेला माणूस, त्याला सैन्याचा मान शिकवायची कुणाची टाप नव्हती. त्या रिपोर्टात काय निघालं, तर स्टेडियममध्ये लष्कराच्या नावाने जे सोहळे होतात त्यातल्या बऱ्याच सोहळ्यांचे पैसे संरक्षण खात्याने टीम्सना मोजले होते, म्हणजे टॅक्स भरणाऱ्यांनी मोजले होते. मैदानावर झेंडे घेऊन येणारी सैनिकांची तुकडी (कलर गार्ड), नव्या भरतीची शपथ, मैदानभर पसरलेला झेंडा, अगदी राष्ट्रगीत गायचा मान पण कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेला. एनएफएल एकटीच नव्हती, बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी सगळेच रांगेत होते, पण तुमच्या टीम्स त्यात ठळक होत्या, अटलांटा फाल्कन्सचा तर आकडा आठ लाख डॉलरच्या वर. लोक समोर रडतायत, टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटतंय की टीमने मनापासून सैनिकांना बोलावलंय, आणि आतमध्ये त्याची पावती फाटलेली.

सैन्याने भरतीसाठी जाहिरात करावी, त्याला माझं काही नाही, अहो करूदे की, पण मग ती जाहिरात आहे हे सांगा ना. पिझ्झाची जाहिरात असते तेव्हा स्क्रीनवर पिझ्झावाल्याचं नाव येतं. इथे मात्र पैसे घेतल्याचं कुठेच नाही.

आणि आता तारखा बघा, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. गुडेल साहेब, तुम्ही मे २०१६ मध्ये त्या सिनेटर्सना पत्र लिहून कळवलंत की ऑडिट केलं आणि सात लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम सरकारला परत करतोय, भरतीच्या जाहिरातीसाठीचे पैसे चुकून सन्मान सोहळ्यांत गेले असावेत म्हणे. ठीक आहे, परत केलेत, चांगलं केलंत. पण तो मे महिना होता. कॅपर्निक बसलेला लोकांच्या लक्षात आला तो ऑगस्टमध्ये. म्हणजे झेंड्याच्या कार्यक्रमांचा हिशोब चुकता करून तीन महिने झाले होते तुम्हाला, आणि तेवढ्यात तुमच्यातल्या कित्येकांना झेंड्याच्या पावित्र्याची आठवण झाली!

आता कॅपर्निकचं, कारण आमच्या ग्रुपवर अर्ध्या लोकांना वाटतं की तो एक दिवस उठला आणि प्रसिद्धीसाठी गुडघा टेकला. २६ ऑगस्ट २०१६, लेव्हाइज स्टेडियम, ग्रीन बेविरुद्ध प्रीसीझन (सीझनआधीची सरावाची) मॅच, तिथे तो राष्ट्रगीताला बाकावर बसून होता. त्याने ना प्रेसला बोलावलं होतं ना काही पोस्ट टाकली होती. एका फोटोत तो बसलेला दिसला, मग पत्रकाराने विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की जो देश काळ्या लोकांवर अन्याय करतो त्याच्या झेंड्याला अभिमानाने मी उभा राहणार नाही. त्याच जुलैमध्ये ऑल्टन स्टर्लिंग आणि फिलँडो कॅस्टील, दोघंही काळे, दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीने मेले होते, व्हिडिओ सगळ्या देशाने बघितले होते.

मग नेट बॉयर नावाच्या एका माणसाने त्याला खुलं पत्र लिहिलं. हा बॉयर म्हणजे अमेरिकन सैन्याचा माजी ग्रीन बेरे (खास दलाचा सैनिक), इराक-अफगाणिस्तान करून आलेला, आणि सिएटलच्या टीमकडून प्रीसीझनमध्ये थोडं खेळलेला पण. पत्रात त्याने शिव्या दिल्या नाहीत, मला वाईट वाटलं पण तुझं ऐकायची तयारी आहे असा सूर होता. कॅपर्निकने त्याला बोलावून घेतलं. सॅन डिएगोत मॅचच्या आधी हॉटेलच्या लॉबीत दोघं बसले, सोबत कॅपर्निकचा टीममेट एरिक रीड. बॉयरने सांगितलं की बाकावर बसलास तर तू टीमपासून वेगळा पडतोस, त्यापेक्षा बाकीच्यांच्या रांगेत राहा आणि गुडघा टेक, आम्ही सैनिक आमच्या मेलेल्या मित्राच्या थडग्यापुढे गुडघा टेकतो. १ सप्टेंबर २०१६ ला तसंच झालं. त्या दिवशी सॅन डिएगोत सैन्याच्या सन्मानाचीच रात्र होती, लोक हुर्यो उडवत होते, आणि कॅपर्निक-रीड गुडघ्यावर, आणि त्यांच्या शेजारी बॉयर छातीवर हात ठेवून ताठ उभा. एकाच फ्रेममध्ये दोन्ही. तुमच्या सगळ्या महागड्या सोहळ्यांत मिळून एवढा खरा क्षण मला दिसलेला नाही, आणि त्याचे तर कुणी पैसेही दिले नव्हते.

फुटबॉलमध्ये गुडघा टेकणं कधीपासून अपमान झाला हेही मला कळत नाही. माझा मुलगा खेळतो, त्यांच्यात कुणाला लागलं आणि पोरगं मैदानावर पडलं की बाकीची सगळी पोरं, आपली आणि समोरची पण, एक गुडघा टेकून गप्प थांबतात, तो उठेपर्यंत. कोच पहिल्या आठवड्यातच शिकवतात. तुमच्यातल्या प्रत्येकाने हे शंभरदा बघितलं असणार.

बरं, मी काही कॅपर्निकची भक्त नाही. प्रॅक्टिसला पोलिसांना डुक्कर दाखवणारे मोजे घातलेले ते मला अजिबात आवडलं नव्हतं. आणि २०१६ ला मतदानच केलं नाही म्हणाला, तेव्हा तर मला, जिने ग्रीन कार्डच्या रांगेत अख्खी उमेद घालवली तिला, फार चीड आली. पण मोजे वाईट म्हणून मुद्दा खोटा होत नाही. आणि मोजे काय, मत काय, त्याची नोकरी गेली ती या दोन्हींमुळे नव्हेच.

नोकरीवर येते, पण आधी परंपरेचं. तुम्ही आणि तुमचे टीव्हीवाले पहिल्यापासून सांगत आलात की ही परंपरा आहे, खेळाचा भाग आहे. कुठली परंपरा हो? २००९ पर्यंत तुमच्या रात्रीच्या प्राइमटाइम मॅचेसना टीम्स राष्ट्रगीताच्या वेळी लॉकर रूममध्येच असायच्या, कारण टीव्हीचं टायमिंग जुळत नव्हतं. म्हणजे जाहिरातीच्या सोयीसाठी खेळाडू आत राहिलेले चालले, तेव्हा झेंड्याचा अपमान होत नव्हता. (व्हॉट्सअपवर फिरतं की सैन्याने पैसे देऊन २००९ ला खेळाडू बाहेर आणले, त्याला काही पुरावा नाही, ते फॉरवर्ड करू नका.) आणि आजही बहुतेक मॅचेसना राष्ट्रगीत चालू असतं तेव्हा टीव्हीवर ट्रक नाहीतर बिअर विकत असतात. स्टेडियममध्ये तरी काय, बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन बघा, गाणं सुरू असतं आणि फ्राइजची लाईन एक इंच हलत नाही, कारण नंबर जाईल ना! त्यांना कुणी देशद्रोही म्हणत नाही. म्हणूही नये, पण मग नियम सगळ्यांना एकच पाहिजे.

याहून मागे गेलं तर ही प्रथा मुळात युद्धातून आली. १९१८ ची बेसबॉल वर्ल्ड सिरीज, शिकागो, पहिलं महायुद्ध चालू, मॅच एवढी थंड की पूर्ण मॅचमध्ये एकच रन झाला. सातव्या इनिंगच्या ब्रेकमध्ये बँडने हे गाणं वाजवलं, नौदलातून सुट्टीवर आलेला एक खेळाडू सॅल्यूट ठोकून उभा राहिला, मग बाकीचे उभे राहिले, लोक गायला लागले, आणि आयोजकांच्या लक्षात आलं की हे चालतंय, मग पुढच्या मॅचेसना पण ठेवलं. हे गाणं राष्ट्रगीत झालं ते १९३१ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. तुमच्या लीगमध्ये १९४५ ला तेव्हाच्या कमिशनरने, एल्मर लेडनने, ठरवलं की युद्ध संपलं तरी चालू ठेवायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे राजकारण आहे, देशाच्या बाजूचं राजकारण, आणि त्यात वाईट काहीच नाही, पण मग "खेळात राजकारण आणू नका" हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही. खेळात राजकारण तुम्हीच आणून ठेवलंय, लढाऊ विमानांसकट.

आणि तो मैदानाएवढा झेंडा! अमेरिकेच्या ध्वज संहितेत स्पष्ट लिहिलंय की झेंडा कधी आडवा, सपाट धरून न्यायचा नाही, उंच आणि मोकळा फडकवायचा. तुम्ही दर मोठ्या मॅचला शेकडो माणसं लावून तो आडवाच धरता. त्याच संहितेत जाहिरातीसाठी झेंडा वापरू नये असंही आहे. या नियमांना शिक्षा नाही, मान्य, आणि मीही त्यावरून कुणाच्या मागे लागणार नाही, पण दुसऱ्याच्या गुडघ्याचं माप काढणाऱ्याने स्वतःच्या हातातला झेंडा बघावा एवढंच.

आता आमच्या मंडळींकडे वळते. आमच्या ग्रुपवरचं ठरलेलं वाक्य असं की एवढे करोडो मिळतात, दोन मिनिटं उभं राहायला काय जातं यांचं, खाल्ल्या घरचे वासे मोजतायत. अहो काका, खाल्लं कुणी कुणाच्या घरचं? ही पोरं स्वतःचे गुडघे, खांदे, डोकं फोडून घेऊन लीगला कमवून देतायत, लीग त्यांना पोसत नाहीये. आणि आपण महाराष्ट्रातून आलेलो लोक, आपल्याला हा वाद नवा आहे का? आपल्याकडे २००३ पासून सिनेमाच्या आधी राष्ट्रगीत आहे, नाशिकला थिएटरमध्ये एका हातात पॉपकॉर्न आणि दुसऱ्या हातात समोसा सांभाळत उभे राहिलोय आपण सगळे. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर सक्ती केली, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याच कोर्टाने सक्ती काढून ऐच्छिक केलं. या सगळ्या वर्षांत उभं न राहणाऱ्यांना थिएटरात धक्काबुक्की झाल्याच्या बातम्या आपणच वाचल्या, त्यात अपंग माणसं पण होती.

त्याच्याही आधी १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला आहे, केरळच्या तीन भावंडांचा. शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची, नीट, पण यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची असल्यामुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं की परत घ्या, गप्प उभं राहणं अपमान होत नाही. आणि त्या निकालात आपल्या न्यायाधीशांनी आधार कशाकशाचा घेतला, तर त्यात अमेरिकेचा १९४३ चा बार्नेट निकाल होता. तोही त्याच पंथाच्या मुलांचा, झेंड्याला सलाम करत नाहीत म्हणून वेस्ट व्हर्जिनियात शाळेतून काढलेल्या. निकाल दिला तो दिवस १४ जून, इथला फ्लॅग डे, आणि बाहेर दुसरं महायुद्ध पेटलेलं, मुलं सैन्यात मरतायत. अशा वेळी इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकार कुणाला झेंड्यापुढे जबरदस्तीने सलाम करायला लावू शकत नाही. मालक मंडळी, एवढी छाती तेव्हाच्या न्यायाधीशांची होती.

तुमचे वकील म्हणतील की आम्ही सरकार नाही, प्रायव्हेट कंपनी आहोत, हा निकाल आम्हाला लागू नाही. कायद्याने बरोबर आहे त्यांचं. पण स्टेडियम बांधताना तुम्ही सरकारच्या दारात असता, लास वेगासच्या स्टेडियमला तर हॉटेल टॅक्समधून ७५ कोटी डॉलर घेतलेत. पैसे घेताना पब्लिक आणि नियम लावताना प्रायव्हेट.

नोकरीचं आता. २०१६ च्या सीझनला कॅपर्निकचे १६ टचडाऊन पास (गुण मिळवून देणारे) आणि फक्त ४ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास). टीम भयानक होती, १६ पैकी २ मॅच जिंकली, त्यात त्याचाही वाटा असेल, पण याच माणसाने चार सीझन आधी त्या टीमला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, नेलं होतं. वय २९. मार्च २०१७ मध्ये तो मोकळा झाला आणि एकाही टीमला, बॅकअप म्हणून पण, तो नको होता. त्या सप्टेंबरमध्ये ट्रम्पनी अलाबामात स्टेजवरून अशा खेळाडूंना आईवरून शिवी देऊन मैदानाबाहेर काढा म्हणून सांगितलं, आणि त्या रविवारी दोनशेहून जास्त खेळाडू गुडघ्यावर किंवा बाकावर होते. काही मालक पण खेळाडूंच्या हातात हात घालून उभे राहिले, डॅलसच्या जेरी जोन्सनी तर दुसऱ्या दिवशी टीमसोबत गुडघा टेकला, राष्ट्रगीताच्या आधी हं, ते सुरू व्हायच्या आत सगळे उठले. दोन आठवड्यांत हेच जोन्स म्हणाले की झेंड्याचा अपमान करेल तो माझ्याकडे खेळणार नाही. नंतर वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की जोन्सनी शपथेवर सांगितलं होतं, ट्रम्पनी त्यांना फोनवर म्हटलं की हा मुद्दा माझ्यासाठी जिंकायचा मुद्दा आहे. तुम्हाला हे माहिती होतं, आणि तरी मे २०१८ ला तुम्ही नियम काढलात की मैदानावर असाल तर उभंच राहायचं, नाहीतर आत थांबा, नाहीतर टीमला दंड. खेळाडूंच्या युनियनने तक्रार केली, जुलैमध्ये नियम थांबवलात. मालकांनी मिळून आपल्याला कामावर घ्यायचं टाळलं अशी संगनमताची केस कॅपर्निक आणि रीडने टाकली होती ती फेब्रुवारी २०१९ मध्ये पैसे देऊन मिटवलीत, रक्कम गुप्त. काही केलंच नसतं तर मिटवलीत कशाला, हा प्रश्न मी वकील नसून विचारतेय.

हे तुम्हीच पहिल्यांदा केलं असं नाही. १९९६ ला बास्केटबॉलमध्ये महमूद अब्दुल-रौफला उभं राहत नाही म्हणून एक मॅच सस्पेंड केलं, ३१ हजार डॉलरच्या वर पगार कापला, आणि तो डेन्व्हरचा सगळ्यात जास्त पॉइंट काढणारा खेळाडू असूनही त्या उन्हाळ्यात त्याला सॅक्रामेंटोला धाडला. दुसऱ्या बाजूने, २०२०-२१ ला डॅलस मॅव्हेरिक्स या बास्केटबॉल टीमच्या तेव्हाच्या मालकाने, मार्क क्यूबनने, घरच्या मॅचेसना राष्ट्रगीत वाजवणंच बंद केलं, आणि कित्येक मॅचेस होईपर्यंत बाहेर पत्ता नव्हता. कोविडमुळे प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच हे खरं, पण टीव्हीवर बघणारे तर होते ना, त्यांच्याही लक्षात आलं नाही. बातमी फुटल्यावर मात्र एका दिवसात लीगने सक्ती केली.

मग जून २०२०. जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने गुडघा ठेवून त्याचा जीव घेतला आणि देश रस्त्यावर आला, तेव्हा गुडेल साहेब, तुम्ही व्हिडिओ काढून म्हणालात की खेळाडूंचं आधी ऐकलं नाही हे आमचं चुकलं. बैल गेला आणि झोपा केला. आणि त्या व्हिडिओत कॅपर्निकचं नाव नव्हतं! त्या सीझनपासून एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) वंशवाद संपवा असं रंगवलंत. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला, न्यू ऑर्लिन्समध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प स्वतः हजर राहणार होते, आणि त्या मॅचला ते शब्द जाऊन तिथे प्रेम निवडा वगैरे आलं. तुम्ही म्हणालात की देशातल्या दुःखद घटनांमुळे बदललं. असेल बाई. आम्ही पण कॅलेंडर बघतो.

तर मागणं काय आहे माझं. राष्ट्रगीत बंद करा असं मी म्हणत नाही, मला ते हवंय. तो २०१८ चा नियम नुसता थांबवून ठेवू नका, लेखी मागे घ्या, आणि पुढच्या खेळाडू-करारात एक ओळ घाला की राष्ट्रगीताच्या वेळी शांतपणे उभं राहणं, बसणं किंवा गुडघा टेकणं यावरून कुणाला दंड, सस्पेन्शन किंवा कॉन्ट्रॅक्ट नाकारणं होणार नाही. दुसरं, स्टेडियममध्ये सैन्याशी संबंधित जो काही कार्यक्रम होईल त्याला सरकारी पैसा असेल तर मोठ्या स्क्रीनवर तसं लिहा, आणि पैसा नसेल तर तेही लिहा, लोक दुप्पट टाळ्या वाजवतील. तिसरं, जून २०२० ची माफी परत एकदा मागा, या वेळी नाव घेऊन. खेळायला तो आता येणार नाही, वय गेलं त्याचं, त्यामुळे तुमच्या कुठल्याही क्वार्टरबॅकला त्याच्यापासून धोका नाही, घाबरू नका.

आणि तो मैदानाएवढा झेंडा खांबावर चढवायची काही सोय होते का तेही बघा, तुमच्याकडे इंजिनिअर कमी नाहीत, नसतील तर आमच्या सनीवेलमध्ये घराघरात दोन मिळतील.

आपली,
फॉर्टीनाइनर्सची एक मराठी फॅन, सनीवेल, कॅलिफोर्निया